पंगतीचा शिरस्ता आणि शेवटचा धावपटू

यवतमाळहून नागपूरच्या वाटेने पायी निघून कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घ्यावे असे कोणी मनात आणले, तर जेवढी मजल त्याला मारावी लागेल, ढोबळमानाने तेवढीच मजल अर्धमॅरेथॉन नावाच्या शर्यतीत धावून काढावयाची असते. आणि हाच माणूस पश्चिमेला दारव्ह्याच्या रस्त्याला लागला, तर दारव्ह्याची वस्ती दृष्टीस पडेतो त्याने जवळजवळ पूर्ण मॅरेथॉनइतके अंतर पायाखाली घातलेले असते. आकड्यांत सांगावयाचे तर पहिले अंतर 21 किलोमीटर आणि वर सुमारे शंभर मीटर, दुसरे 42 किलोमीटर 195 मीटर. पत्रकावर छापलेले हे आकडे वाचताना मनाला त्यांचा नीटसा बोध होत नाही; परंतु ज्या रस्त्याने आपण आयुष्यभर एस. टी.त बसून गेलो, ज्याच्या दुतर्फा पऱ्हाटीची शेते कधी हिरवी, कधी पांढरी, तर कधी नुसती वाळलेली पाहिली, तो रस्ता आता स्वतःच्या दमावर उरकावयाचा आहे असे म्हटले की त्या आकड्यांचे वजन एकदम कळते.

गेल्या हिवाळ्यात, वयाची पन्नाशी उलटल्यानंतर, आमच्या शहरात भरलेल्या अशा एका शर्यतीत 21 किलोमीटर धावण्यासाठी मी नाव नोंदविले. त्या सकाळी जे अनुभवास आले, आणि पुढे ठिकठिकाणच्या धावणाऱ्या मंडळींकडून जे ऐकले, त्यावरून एक मत माझ्या मनात पक्के झाले असून ते जाहीरपणे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच आहे. ते मत असे की, शहरात भरणाऱ्या शर्यतीची पारख तिच्या पहिल्या धावपटूवरून करू नये. सर्वांच्या मागून जो धावपटू येतो, तो येईपर्यंत शहर रस्त्यावर उभे होते की नाही, एवढे पाहावे, आणि त्यावरून त्या शर्यतीची योग्यता ठरवावी.

डिसेंबरातली पहाट यवतमाळात चांगलीच बोचरी असते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, नावाप्रमाणेच माळावर वसलेले. वाऱ्याला अडसर म्हणून नाही. साडेपाचच्या अंधारात मैदानावर जो समुदाय गोळा झाला होता, त्यात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, बँकेतले अधिकारी होते, नातवंडांना बरोबर घेऊन आलेले आजोबा होते. परंतु माझे लक्ष वेधून घेतले ते पातळ सदऱ्यांत कुडकुडत एका बाजूला उभ्या असलेल्या, एकमेकांशी हलक्या आवाजात बोलणाऱ्या तरुण मुलामुलींनी. ही पोलीस भरतीची मुले. नेहरू स्टेडियमवर आणि शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर पहाटे चारपासून ती पळताना दिसतात. भरतीच्या मैदानी चाचणीला 50 गुण असतात. मुलांना 1600 मीटर पळावयाचे, मुलींना 800 मीटर, आणि तेथे दोन सेकंदांचा फरक म्हणजे कधी कधी एका कुटुंबाच्या नशिबाचा फरक ठरतो. ज्या जिल्ह्यात कापसाचे बी मातीत टाकल्यापासून पावसाकडे, मग बोंडअळीकडे आणि शेवटी बाजारभावाकडे डोळे लावून बसावे लागते, त्या जिल्ह्यात स्वतःच्या पायांवर ज्याचे फळ अवलंबून आहे असे हे जवळजवळ एकमेव पीक होय. शहरातली आम्ही प्रौढ मंडळी प्रकृतीसाठी धावतो. ही मुले नोकरीसाठी धावतात. एकाच आरंभरेषेवर ही दोन्ही प्रयोजने खांद्याला खांदा लावून उभी राहतात, हे नगर मॅरेथॉनचे मला वाटणारे पहिले मोठेपण.

छातीवर लावावयाच्या क्रमांकाच्या कागदाला धावणारे लोक बिब म्हणतात. चार टाचण्यांनी तो सदऱ्याला टाचावा लागतो. गारठलेल्या बोटांनी मला ते जमेना, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका सेवानिवृत्त मंडळ अधिकाऱ्यांनी, कधी काळी सातबाराच्या उताऱ्याला टाचणी लावावी तितक्या काळजीने, माझ्या सदऱ्याचे चारही कोपरे नीट लावून दिले आणि म्हणाले, "पहिले पाच किलोमीटर स्वतःला आवरा. बाकी रस्ता सांभाळून घेतो." त्यांचा हा सल्ला मी पाळला नाही. पाळणारे फार थोडे. शिट्टी झाली आणि शेकडो पावलांचा डांबरावरचा आवाज उठला. खळ्यावर पातीला धरलेल्या बैलांच्या खुरांचा असतो तसा दबका, एकसुरी, आणि त्यात सामील झाले की स्वतःचा वेग स्वतःच्या हाती राहत नाही. आपल्याच गावाचा रस्ता वाहनांवाचून कसा असतो, हे मी त्या सकाळी प्रथम पाहिले. जे चढ स्कूटरवरून जाताना वीस वर्षांत कधी जाणवले नव्हते, ते सर्व जागच्या जागी होते, आणि प्रत्येकाने पोटऱ्यांकडून आपला हिशेब वसूल केला. दारातून रांगोळी टाकणाऱ्या बाया थांबून पाहत होत्या. एका माडीवरून एक आजोबा शाल पांघरून टाळ्या वाजवत होते. त्यांना पुन्हा नऊ वाजता पाहिले, तेव्हाही ते तेथेच होते, आणि त्याबद्दल पुढे लिहिणार आहे.

दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा अनुभव शब्दांत पकडणे कठीण असते, कारण त्यात बराच वेळ काहीही घडत नाही. श्वास आणि पाऊल यांची एक संगती बसते, मनातले विचार एकेक करून गळत जातात, आणि मग बराच काळ फक्त पुढच्या विजेच्या खांबापर्यंत जावयाचे आहे एवढीच इच्छा उरते. पूर्ण मॅरेथॉन धावणारे सांगतात की तिसाव्या किलोमीटरच्या आसपास एक क्षण असा येतो की जणू समोर भिंत उभी राहिली. स्नायूंत आणि यकृतात साठविलेली साखर तोवर संपुष्टात आलेली असते आणि शरीर आता चरबीवर, म्हणजे अधिक मंद इंधनावर, चालू लागते. उत्तम तयारी असलेल्याला अर्ध्या पल्ल्यात हा अनुभव सहसा येत नाही. माझ्यासारख्या अपुऱ्या तयारीच्या माणसाचे पाय मात्र चौदाव्या किलोमीटरलाच जड झाले.

तेथे शहराची हद्द मागे पडली होती. बंदोबस्तावरच्या हवालदाराने धावणाऱ्यांसाठी एक मालवाहू ऑटो बाजूला थांबविला होता, आणि त्यात कापूस वेचायला निघालेल्या दहा-बारा बाया बसल्या होत्या; डोक्याला रुमाल, कमरेला वेचणीचे फडके, पायाशी भाकरीची गाठोडी. मी धावणे सोडून चालू लागलो होतो. त्यांच्यातली एक वयस्क बाई माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. तिने विचारले, "कायले धावून राह्यले जी, भाऊ?" प्रश्न सरळ होता आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. "असंच, मावशी," एवढेच मी म्हणालो. ती हसली नाही. पायाजवळची पाण्याची कॅन उचलून तिने पेला भरला आणि ऑटोतून खाली वाकून माझ्यापुढे धरला. "घ्या जी. पानी पेल्याबिगर कोनी असं धावते काय?" जिला उन्हे उतरेपर्यंत वाकून, किलोच्या हिशेबाने मजुरी मिळेल अशा बेताने बोंडे वेचावयाची होती, तिच्या दिवसभराच्या पाण्यातला तो पेला होता. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली तेव्हा नळाच्या पाण्याची वाट पाहत आम्ही यवतमाळकरांनी किती दिवस काढले, ते ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना त्या पेल्याची किंमत निराळी सांगावयास नको. अथेन्सला 1896 साली ऑलिंपिकची पहिली मॅरेथॉन झाली, ती जिंकणारा स्पिरिडॉन लुईस हा बापाबरोबर घरोघर पाणी वाहून विकणारा तरुण होता, ही गोष्ट मला ठाऊक होती. परंतु धावणे आणि पाणी यांचे नाते त्या बाईच्या हातून पेला घेताना जितके कळले तितके पूर्वी कळले नव्हते.

त्यापुढचे तीन किलोमीटर त्या पाण्यावर निघाले. सतराव्या किलोमीटरवर पाण्याचे टेबल असेल असे आम्हांला दिलेल्या नकाशात दाखविले होते. मी तेथे पोहोचलो तेव्हा टेबल घडी घालून टेम्पोत चढविले जात होते आणि रस्त्यावर चुरगळलेले कागदी पेले वाऱ्याने फिरत होते. वाहतूक सुरू झाली होती. मागून येणाऱ्या ट्रकचा भोंगा ऐकून मी रस्ता सोडून मुरुमाच्या कडेला आलो, आणि तेथे मला ती मुलगी भेटली, जी आरंभरेषेवर माझ्या उजव्या हाताला उभी होती. एका तांड्यावरून आलेली, वय एकोणीस-वीस, पायात कॅनव्हासचे जुने बूट. पोटरीत गोळा आल्यामुळे ती मैलाच्या दगडावर बसून पाय दाबत होती. भरतीसाठी रोज दोन-तीन किलोमीटर पळत होती. एवढा पल्ला प्रथमच. "काका, प्रमाणपत्र भेटन का जी आता?" तिने विचारले. मी म्हणालो, "भेटेल. चल, संगं जाऊ." आम्ही चालत, मध्येच शंभर पावले धावत, पुन्हा चालत निघालो. माडीवरच्या त्या आजोबांनी आम्हां दोघांसाठीही टाळ्या वाजविल्या, आणि घरातून नातवाला हाक मारून गुळाचा खडा पाठविला. मैदानावर आलो तेव्हा अंतिम रेषेवरची हवा भरलेली कमान जमिनीवर मावळत होती, व्यासपीठावर बक्षीससमारंभ आटोपून खुर्च्या गोळा होत होत्या, वेळ दाखविणारे घड्याळ बंद झाले होते. आमची वेळ कोणी नोंदविली नाही. पदकांच्या खोक्यातून एका स्वयंसेवकाने दोन पदके काढून हातावर ठेवली. प्रमाणपत्राचे टेबल बंद झाले असल्याचे सांगितले. मुलीने पदक उलटसुलट करून पाहिले आणि ओढणीच्या टोकात बांधले. आरंभापासून तीन तास वीस मिनिटे झाली होती.

आयोजकांनी हे दुष्टाव्याने केले असे मी म्हणणार नाही. पहाटे तीनपासून राबणारी माणसे थकतात, पोलीस बंदोबस्ताची मुदत संपते, प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जावयाचे असते. तथापि, थकव्याच्या पलीकडे एक समजुतीचा दोष त्यात मला दिसतो, आणि तो या एकाच शर्यतीपुरता नाही. अनेक गावांतल्या मागून येणाऱ्या धावपटूंनी मला हीच हकीकत थोड्याफार फरकाने सांगितली आहे. विजेता आला की शर्यत झाली, अशी ती समजूत. शंभर मीटरच्या शर्यतीत ती चालेल. नगर मॅरेथॉनमध्ये ती मुळातच चुकीची होय, कारण तेथे आलेल्या शंभरांपैकी पंचाण्णव माणसे जिंकण्यासाठी आलेलीच नसतात. ती रस्ता पुरा करण्यासाठी आलेली असतात, आणि त्यांच्याच नोंदणीशुल्कावर ती सकाळ उभी राहते.

आपल्याकडे या बाबतीत निराळा शिरस्ता आहे, आणि तो प्रत्येक खेड्यातल्या माणसाला ठाऊक आहे. पंगत बसते तेव्हा कोणी भरभर जेवणारा असतो, कोणी सावकाश. परंतु शेवटच्या पानावरच्या म्हाताऱ्याचा भात संपून तो हात आखडता घेईपर्यंत कोणी पानावरून उठत नाही, आणि वाढपी तर हातातले भांडे खाली ठेवीतच नाही. ज्याचे आधी झाले त्याचा त्यात अपमान होत नाही, ज्याचे मागे राहिले त्याला संकोच वाटत नाही. हा साधा शिष्टाचार शेकडो वर्षे ज्या समाजाने अन्नाच्या बाबतीत पाळला, त्याला तो रस्त्याच्या बाबतीत पाळता येणार नाही असे मानावयास मी तयार नाही.

मागून येणाऱ्या धावपटूची आठवण ठेवणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण स्वीडनच्या राजधानीत घडले आहे. 1912 साली स्टॉकहोमला ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली, त्या दिवशी तेथे विलक्षण उष्मा होता. जपानचा शिझो कानाकुरी वाटेत उन्हाने कासावीस झाला. रस्त्याकडेच्या एका घरच्या मंडळींनी त्याला बागेत बोलावून पेय दिले, विसावा दिला, आणि तो तेथूनच, अधिकाऱ्यांना वर्दी न देता, परत गेला. स्वीडनच्या दप्तरी तो बेपत्ता म्हणून नोंदला गेला. पुढे 1967 साली, पंचाहत्तरी ओलांडलेल्या कानाकुरीला स्वीडनने आमंत्रण देऊन बोलावले, उरलेले अंतर पुरे करावयास सांगितले, आणि त्याची वेळ 54 वर्षे, 8 महिने, 6 दिवस आणि वर काही तास-मिनिटे अशी रीतसर जाहीर केली. ही हकीकत बहुधा गंमत म्हणून सांगतात; मला ती गंभीर वाटते. एका देशाने आपली शर्यत शेवटच्या माणसासाठी अर्ध्या शतकाहून अधिक काळ उघडी ठेवली. पण त्याच 1912 च्या शर्यतीत दुसरीही गोष्ट घडली, आणि ती विसरता कामा नये. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा तरुण धावपटू उष्म्याने रस्त्यात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. एक जण उन्हातून बाजूला नेला गेला म्हणून वाचला. दुसरा वाचला नाही. आमच्या भागात, जेथे फेब्रुवारी सरता सरता सकाळी आठचे ऊनही चटका देऊ लागते, तेथे शर्यतीचा महिना आणि सुटण्याची घटका ठरविणाऱ्यांनी हे दोन्ही धावपटू डोळ्यांसमोर ठेवावेत. ऊन चढत जाते तसे रस्त्यावर उरतात ते मागचे लोक. म्हणजे पाण्याची, मिठाची आणि डॉक्टरची गरज जेव्हा सर्वांत अधिक, तेव्हाच नेमके आपण टेबल उचलीत असतो.

मराठी माणसाने मॅरेथॉन आजकाल शिकली, हाही एक गैरसमज आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी पळणारी मुले सर दोराबजी टाटांनी पाहिली, आणि त्यांच्या खटपटीने 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला जे मोजके खेळाडू गेले, त्यांत बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचा मार्ग 42.75 किलोमीटरचा, म्हणजे आजच्या मुक्रर अंतराहूनही लांब होता. चौगुल्यांचा क्रमांक एकोणिसावा आला. सोबत धावलेल्या सदाशिव दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. एकोणिसाव्या क्रमांकाला पदक नसते, तथापि निकालपत्रकात ते नाव आहे म्हणून शंभर वर्षांनंतर आपण त्याचा उल्लेख अभिमानाने करू शकतो. नोंद ठेवणे याला मी एवढे महत्त्व देतो, ते याकरिता. तांड्यावरच्या त्या मुलीची वेळ कोठेही नोंदलेली नाही.

आणि धावणारा कोण आहे, तो कशासाठी आला आहे, हे आरंभरेषेवर पाहून सांगता येत नाही, याची साक्ष लता भगवान करे यांनी दिली आहे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, म्हणजे आमच्या वऱ्हाडच्याच, मोलमजुरी करीत बारामतीकडे स्थायिक झालेल्या या बाईंनी साठी ओलांडल्यावर, 2013 साली बारामतीच्या मॅरेथॉनमधली ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी धावून जिंकली. पतीच्या तपासणीला पैसे हवे होते आणि बक्षिसाची रक्कम कामी येणार होती. पुढे त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. हे सर्व यथायोग्य झाले. मला त्यात अधिक महत्त्वाचे वाटते ते हे की, बुटांवाचून, सरावावाचून, कोणत्याही धावपटूंच्या मंडळाच्या सभासदत्वावाचून आलेल्या बाईला त्या शर्यतीत शिरावयाला वाट होती. स्त्रियांना ही वाट जगात कोठेही सहज मिळालेली नाही. बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये 1967 साली क्रमांक लावून धावणाऱ्या कॅथरीन स्विट्झरला भर रस्त्यात अधिकाऱ्याने अडविण्याचा प्रयत्न केला होता, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन सुरू व्हावयाला 1984 साल उजाडावे लागले. आज माणदेशच्या ललिता बाबर, नाशिकच्या कविता राऊत, परभणीच्या ज्योती गवते यांची नावे धावणाऱ्या प्रत्येक मुलीच्या तोंडी असतात. त्या वाटेवरून येणारी पुढची मुलगी आज कदाचित सर्वांच्या मागे, पोटरी दाबत, मैलाच्या दगडावर बसलेली असेल.

मोठ्या शहरांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची, मुंबईची 2004 पासूनची, साताऱ्याची यवतेश्वराच्या घाटातली अर्धमॅरेथॉन 2012 पासूनची. मुंबईत धावून आलेले यवतमाळकर वेळेविषयी थोडे बोलतात आणि पेडर रोडवरच्या माणसांविषयी अधिक. चढावर उभे राहून संत्र्याच्या फोडी, बिस्किटे, चिक्की वाटणारी अनोळखी कुटुंबे त्यांच्या स्मरणात राहतात. ती कुटुंबे कोणी तैनात केलेली नसतात. आपल्याकडे तर संत्री घरची आहेत.

यावर आक्षेप घेतले जातील आणि ते विचारात घेतले पाहिजेत. रस्ता साडेतीन-चार तास अडविला तर वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडे जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या रुग्णांनी काय करावे, बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याने काय करावे, हा प्रश्न सर्वस्वी योग्य आहे. त्याचे उत्तर मार्गाच्या आखणीत आहे. रुग्णालयाचा रस्ता मार्गातून वगळावा; एकाच लांबलचक वाटेऐवजी सात किलोमीटरचा वेढा ठेवून तो तीनदा धावावयास लावला, तर बंदोबस्तही कमी माणसांत होतो आणि प्रत्येक पाण्याच्या टेबलावरून प्रत्येक धावपटू तीनदा जातो. शेवटच्या तासात सर्व रस्ता नको. दोरी लावून एक बाजू पुरे. दुसरा आक्षेप असा की, शर्यतीला काही कालमर्यादा हवी, जिला धावणारे कट-ऑफ म्हणतात. अवश्य हवी. माझे म्हणणे एवढेच की ती अर्जाच्या वेळीच छापील स्वरूपात मुक्रर करावी, आणि मुक्रर केलेल्या क्षणापर्यंत पाणी, डॉक्टर, घड्याळ आणि प्रमाणपत्राचे टेबल जागचे हलू नये. त्या मर्यादेपुढे जो मागे राहील त्याला शेवटच्या गाडीत सन्मानाने बसवून आणावे. ट्रकच्या भोंग्याने त्याला शर्यत संपल्याचे कळता कामा नये.

अंतराच्या मोजणीबद्दलही एक शब्द. मान्यताप्राप्त शर्यतींचा मार्ग मोजणीचे यंत्र बसविलेल्या सायकलीने मोजतात, आणि अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात. शेताच्या मोजणीत मोजणीदाराने साखळी ओढून धरावी तसाच हा प्रामाणिकपणा आहे. ज्या मुलाला आपली वेळ पाहून भरतीची तयारी ठरवावयाची आहे, त्याला दीड किलोमीटरची जागा सोळाशे मीटर म्हणून दाखविणे हा त्याच्याशी केलेला गंभीर अन्याय होय. तसेच, भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून शुल्क घेऊ नये. सदरे थोडे साधे छापले, व्यासपीठ थोडे लहान केले, तर हा खर्च सहज निघेल. नगरपरिषद, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचे कार्यालय आणि पोलीस दल यांनी एकत्र बसून, शहरात होणाऱ्या कोणत्याही शर्यतीला परवानगी देताना या चार-पाच अटी परवानगीच्या कागदावरच घालाव्यात, अशी माझी त्यांना विनंती आहे. नवीन कायद्याची त्याला गरज नाही. एका सहीची आहे.

उरलेली विनंती वाचकांना. शहरात शर्यत असेल त्या रविवारी आपण सकाळी सहाला दारात येतो, पुढची मुले वाऱ्यासारखी निघून गेलेली पाहतो, टाळ्या वाजवितो आणि चहाला आत जातो. 21 किलोमीटरच्या शर्यतीत पहिला मुलगा सव्वा तासाच्या आसपास परत येतो. शेवटचा माणूस साडेतीन तासांनी, म्हणजे साडेनऊच्या सुमारास, आपल्या दारावरून जातो. चहा झाल्यावर पुन्हा बाहेर यावे, आणि पाण्याचा गडू व गुळाचा खडा तेवढा वेळ ओट्यावर ठेवावा.